झाकण

मुहर्रकच्या या गल्लीत एकेकाळी मोती तोलायचे,
आता आम्ही वाफ धरतो.
हाजी अब्दुलनबींचा कारखाना म्हणजे दोन खोल्या,
तांब्याचे तीन हंडे, एक गळका पाइप,
आणि मी, मुनाफ सरखोत, बाणकोटचा,
बाटल्यांना लेबलं चिकटवणारा.

खजुराच्या फुलोऱ्याचं पाणी, मरव्याचं पाणी,
आणि बडीशेपेचं.
कुणी तिला शमर म्हणतं. हाजी म्हणतात हिल्वा,
म्हणजे नुसतं ‘गोड’.
पहिल्या आठवड्यात मला वाटायचं,
चहात साखर हवी का विचारताहेत.

रात्री पोतं उघडायचं.
हिरवट दाणे ठेवायचे, तपकिरी काढायचे;
तपकिरी म्हणजे म्हातारे, स्वतःचा वास विसरलेले.
काड्या निवडायच्या, भिजत घालायचं.
पहाटे खाली गॅस, मंद.
उकळी धावली की पाणी करपट उतरतं,
हाजी लांबूनच ओळखतात, कुणी घाई केली.
मग पाइपाच्या टोकाशी पहिला थेंब,
दुधट,
वर तेलाचा बारीकसा डोळा.

पहिली धार बाटल्यांची, मधलीही बाटल्यांची.
शेवटची फिकी, ती कुणाचीच नसते.
ती बशीर आणि मी पेल्यात घेतो,
शिळ्या खबूसनंतर.

रेहानाचा फोन आला तेव्हा बाळ सव्वीस दिवसांचं होतं.
दिवेलागणीला रडायला लागायचं ते नऊपर्यंत,
पाय पोटाशी घेऊन, मुठी आवळून.
पडद्यावर मला उघडं तोंड दिसलं,
आवाज जरा मागून आला.

हाजींना विचारलं, एक बाटली पाठवू का?
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
‘बाळाला नको. आईने प्यावं, तेही थोडं.
ताप आला, दूध ओढेनासं झालं,
तर माझं नाव काढू नका, डॉक्टरकडे जा.’
चाळीस वर्षं पाणी विकणारा माणूस
आपल्या पाण्याची हद्द दाखवत होता.

मग मी बोलूनच पाठवलं, चार मिनिटांचा मेसेज:
तव्यावर भाजतात ती जेवणानंतर चघळायला,
तू कच्ची घे. एक चमचा.
खलबत्त्यात नुसती ठेच, अंग मोडेल एवढीच,
पीठ नको.
पाणी उकळ, गॅस बंद कर, मग टाक.
आणि झाकण, रेहाना. झाकण विसरू नकोस.
दहा मिनिटं.
आपल्याकडे उघड्या टोपात रटरटवतात
आणि घरभर वास सुटला की म्हणतात, झकास झालं.
अगं, तो वास म्हणजेच तर औषध,
कौलांतून निघून गेलेलं.
मी इथे दिवसभर तेवढंच अडवायला उभा असतो.

उत्तर आलं तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटली होती.
‘अम्मीने कालच बाळंतशेप, ओवा, बडीशेप
सगळं एकत्र उकळलं माझ्यासाठी.
उघड्याच टोपात.
शेजारचे विचारायला आले, काय शिजतंय.
तो झोपलाय आज.
कशाने ते विचारू नकोस,
दमला असेल.
तू जेवलास का?’

जेवलो नव्हतो.
हंड्याखालचा गॅस बंद केला.
शेवटची धार पेल्यात धरली,
कोमट, जवळजवळ नुसतं पाणी.
त्यावर बशी ठेवली
आणि बशीवर हात.

बशीर म्हणाला, अरे, गार होतंय.
होऊ दे, म्हटलं.